भोये सिस्टरांची मंगळवारची गाडी

भोये सिस्टर गाडीचं चाक काढायच्या आधी हात धुवत. आपण काम झाल्यावर धुतो. त्या आधी धुवत, तेही कोपरापर्यंत, साबणाचा फेस करून, नखांत ब्रश घालून. मग अंगणात उकळून वाळवलेलं पांढरं फडकं पसरायचं, त्यावर दवाखान्यात असतो तसला एनॅमलचा ट्रे ठेवायचा आणि मगच पान्ह्याला हात लावायचा. हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुंपणापलीकडून विचारलं, "सिस्टर, पेशंट कुठंय?" त्यांनी हातातला पान्हा गाडीकडे केला. "हा काय. सर्दी झालीय, श्वास घेताना घुर्रघुर्र वाजतंय."

सिस्टरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोखाड्यात आम्ही शेजारी होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्या सरकारी दवाखान्यात नर्स. मधे करवंदीचं कुंपण होतं आणि त्यात जायला-यायला एक भोक. त्या मूळच्या दाभोशाच्या. गावातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. भातलावणी सोडून ही पोर सुया टोचायला शिकणार म्हणून गावात पुष्कळ हसू झालं होतं, आणि पुढे त्याच हसणाऱ्यांची बाळंतपणं सिस्टरांनीच केली. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला त्या सांगत, "वेळ मिळाला नाय. दर वेळेला कोणीतरी बाळंत होत होतं."

गाडी म्हणजे पांढरी एट हंड्रेड. दवाखान्यातून बदलून गेलेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच तिचं बरंचसं वय होऊन गेलेलं होतं. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांची लाल धूळ खाल्लेली गाडी, तिला सारखं काही ना काही व्हायचं. गाडी दुरुस्त करणारा माणूस जव्हारला, आणि गाडी बंद पडलेली मोखाड्यात. तेव्हा सिस्टरांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून, त्याला चहा पाजून पाजून, जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घेतलं. त्याचं एकच त्यांना पटत नसे. तो सगळे भाग रॉकेलच्या डबड्यात टाकून खळखळ धुवायचा. सिस्टर म्हणायच्या, "अरे, जखम कुठली, रबर कुठलं, बघशील का नाही? सगळ्यांना एकच औषध?"

काम करताना त्या सुटे भाग मोठ्यानं मोजत. दोन बोल्ट, दोन पॅड, एक स्प्रिंग. परत बसवताना पुन्हा मोजत. ऑपरेशनच्या टेबलावर कापसाचे बोळे मोजायची सवय, ती गाडीलाही लागली. मी मदतीला गेलो की मलाही विचारत, "गुरुजी, मोजलं का?" आणि त्या गाडीखाली असल्या म्हणून पेशंट थांबत नसत. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बाया थेट अंगणात येऊन बसत. गाडीखालून फक्त सिस्टरांचे पाय दिसत आणि आवाज येई, "जीभ दाखव. इकडे, खाली वाक. हां. पाणी कमी पितेस." एकदा एक म्हातारी गाडीच्या खिडकीलाच जीभ दाखवून गेली होती.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका कातकरी पाड्यावर सोमा आणि मंजी या जोडप्याला मुलगी झाली. रंजी. तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा पार वर. पाड्यावरच्या जाणत्यांनी ग्रहणाला दोष दिला आणि विषय संपवला. सिस्टरांनी संपवला नाही. नाशिकला हाडांचे एक डॉक्टर होते, ते असलं पाऊल दर आठवड्याला थोडं थोडं सरळ करून प्लास्टर घालत. सहा-सात आठवडे. पण मधला एकही आठवडा चुकवायचा नाही, नाहीतर पाऊल पुन्हा मागे जायला लागतं. डॉक्टरांचा वार मंगळवार.

अडचण प्लास्टरची नव्हती, दिवाळीची होती. दिवाळी झाली की आमचे कातकरी पाडे ओस पडतात. मुकादमाचा ट्रक येतो आणि घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पार पावसाच्या तोंडाला परततात. सोमाही जाणार होता. सिस्टर त्याच्या झोपडीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "सोमा, ही भट्टी सोड. इथं रानात, रस्त्यावर मिळेल ते काम कर. दर मंगळवारी मी फाट्यावर गाडी घेऊन येते. तू फक्त पोर घेऊन उभा राहा." सोमानं बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढल्या. मग विचारलं, "बाय, दर मंगलवारी? खरा ना?" सिस्टर म्हणाल्या, "खरं."

एवढ्या एका शब्दावर तो माणूस थांबला. पाड्यावरची बाकीची घरं एकेक करून निघाली. मुकादमानं मात्र सोमाचा नाद सोडला नव्हता. शेवटचा ट्रक अमुक मंगळवारी दुपारी फाट्यावरून जाईल, त्यात बसला तर बसला, नाहीतर या वर्षी काम नाही, असा निरोप त्यानं देऊन ठेवला होता.

तीन मंगळवार नीट गेले. तिसऱ्या मंगळवारी नाशिकहून परतताना घाटाच्या उतारावर गाडी एका बाजूला ओढायला लागली आणि जळका वास आला. घरी आल्यावर सिस्टरांनी चारही चाकांना मुलाचा ताप बघावा तसा पालथा हात लावला. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक चटका बसेल इतकं गरम. पलीकडचंही कोमटाच्या वर. "कॅलिपर जाम झालेत," त्या म्हणाल्या. "धरलेलं सोडत नाहीयेत."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी, मला सिस्टरांनी सांगितलं तसं सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरते. कॅलिपर म्हणजे तिला दोन्हीकडून धरणारी मूठ. आपण ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं मुठीतला पिस्टन पुढे सरकतो आणि तबकडी आवळली जाते. पाय काढला की पिस्टन केसभर मागे येतो आणि चाक मोकळं होतं. हे केसभर मागे येणं एका रबरी कडीच्या जिवावर चालतं, तिला सील म्हणतात. सील म्हातारं झालं, पिस्टनला गंज धरला, की मूठ उघडत नाही. किंवा धरायच्या वेळी धरत नाही.

सिस्टरांनी नाशिकला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली आणि दोन चाकांची दोन सीलची पाकिटं मागवली. रविवारी सकाळी फडकं पसरलं. चाक काढून कॅलिपर सोडवला आणि नळीवर ताण येऊ नये म्हणून तारेनं टांगला. पिस्टन आत रुतून बसलेला. तो बाहेर काढायला गाडीत बसून ब्रेक हळूहळू दाबावा लागतो. ते काम माझ्याकडे आलं. सिस्टर खाली लाकडाचा ठोकळा धरून बसल्या आणि सूचना देऊ लागल्या. आता, इतकी वर्षं तोंडात बसलेल्या सूचना त्या, दुसऱ्या कुठून येणार?

"हां, जोर करा. थांबा. श्वास घ्या. आता पुन्हा. घाई नाय करायची. येतोय, येतोय, डोकं दिसलं!"

पिस्टन ढप्पकन बाहेर आला, आणि त्याच वेळी कुंपणाच्या भोकातून माझ्या घरापलीकडे राहणाऱ्या आजी गरम पाण्याचं पातेलं घेऊन आत आल्या. "पोरगा का पोरगी?" त्यांनी विचारलं. सिस्टर तेलानं माखलेला पिस्टन हातात धरून एवढ्या हसल्या की त्यांना फडक्यावर बसावं लागलं. पाणी वाया गेलं नाही, आम्ही त्याचा चहा केला.

मग त्यांनी पिस्टनवरचा बारीक गंज अगदी मऊ पॉलिश पेपरनं, गोल गोल फिरवत उतरवला. खाचेतून जुनं सील काढलं, आतलं सगळं स्पिरिटनं पुसलं, नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवलं आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबत आत सरकवला. ड्रायव्हरची बाजू झाली. दुसऱ्या बाजूचं सील बसवून झालं आणि दवाखान्यातून बोलावणं आलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "एवढा पिस्टन आत घालायचाय. अंगठ्यानं जातो का बघा. नाय गेला तर झाकून ठेवा, मी आल्यावर करते."

नाही गेला. अर्धा तास झटलो, पिस्टन तिरका होऊन अडायचा. झाकून ठेवायला काय हरकत होती? पण मास्तरला "जमलं नाही" म्हणणं जमत नाही, हा आमच्या धंद्याचाच रोग आहे. मला एकदम आईची आठवण झाली. आमच्या घरी काहीही अडलं की मोहट्याचं तेल. मोहाच्या बिया घाण्यावर काढून आणलेलं हे तेल आमच्याकडे भाजीला, दिव्याला, दुखऱ्या गुडघ्याला, अडलेल्या कडीला, सगळ्याला चालतं. घरात बाटली होतीच. थंडीमुळे आतलं तेल तुपासारखं थिजलेलं. बोटावर घेतलं, सीलला आणि पिस्टनला चोळलं, आणि पिस्टन असा अलगद आत गेला की मी स्वतःवर खूश होऊन एकटाच हसलो.

सिस्टर आल्या, त्यांनी बाकीचं बसवलं. आम्ही ब्रेकच्या नळीतली हवा काढली. गाडी गावाच्या टोकापर्यंत नेऊन आणली. ब्रेक झकास लागत होता. "गुरुजींचा अंगठा चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. मग हात धुता धुता सहज बोलल्या, "ॲम्ब्युलन्सवाल्याला किती सांगितलं, या रबराला ब्रेक ऑइल सोडून दुसरं काय लावू नको. दुसरं तेल ते पितं आणि फुगतं. आज नाय कळत. दोन दिवसांनी घाटात कळतं."

माझ्या हातातला साबण निसटून चिखलात पडला.

मी तेव्हा बोललो नाही. ही गोष्ट लिहायची म्हटल्यावर हे वाक्य टाळता येत नाही. बोटभर तर तेल, त्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणत राहिलो. सोमवारी शाळेत मुलांना स्वच्छ हस्ताक्षरात सुविचार लिहायला लावला. सोमवारी संध्याकाळी कुंपणाच्या भोकापर्यंत गेलो आणि परत आलो. खरं कारण सांगायचं तर मला नुसती लाज वाटत नव्हती. मंगळवार तोच होता, मुकादमाच्या शेवटच्या ट्रकचा. आता सांगितलं तर गाडी निघणार नाही, आणि गाडी निघाली नाही तर सोमा ट्रकमध्ये बसणार. रंजीचं पाऊल पुन्हा आत वळणार. न सांगायला इतकं चांगलं कारण मिळाल्यावर माणूस दुसरं कशाला शोधेल?

मंगळवारी सकाळी सिस्टर गाडी पुसत होत्या. मागच्या सीटवर रंजीसाठी घडी घातलेली गोधडी ठेवली होती. ती गोधडी बघितली आणि माझं सगळं गणित कोसळलं. "सिस्टर," मी म्हटलं, "त्या बाजूच्या पिस्टनला मी मोहट्याचं तेल लावलंय."

त्यांनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कधी?" "रविवारीच." "म्हणजे दोन दिवस पितंय ते." एवढंच बोलून त्या हात धुवायला गेल्या. चाक काढलं, कॅलिपर सोडवला, सील बाहेर काढून पाहिलं. खाचेत घट्ट बसायला हवं ते सील आता त्या खाचेत मावत नव्हतं, भिजलेल्या पापडासारखं वेडंवाकडं झालं होतं. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "गुरुजी, मशीन लाजत नाय. काय झालंय ते सरळ दाखवतं. आपण लाजतो, आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो. मी नवीन होते तेव्हा एका बाईला चुकीची गोळी दिली आणि तासभर गप्प बसले. ती वाचली, पण तो तास मला अजून पुरतोय. तुम्ही दोन दिवस घेतलेत. पण गाडी निघायच्या आधी बोललात."

मग त्यांनी कामं वाटली. त्या टेलिफोन बूथवर जाऊन डॉक्टरांना बुधवारचं विचारणार, आणि सीलसाठी नाशिकच्या एसटीबरोबर पुन्हा चिठ्ठी पाठवणार. मी जीप धरून फाट्यावर जायचं. "आणि गाडी बिघडली असं सांगायचं नाय," त्यांनी मला बजावलं. "झालं तसं सांगायचं."

मी पोहोचलो तेव्हा ट्रक फाट्यावर उभा होता. सोमाचं गाठोडं वर चढवलेलं, सोमा अजून खाली. मंजी रंजीला घेऊन झाडाखाली बसलेली, पोरीचा प्लास्टरचा पाय पदराबाहेर. मला जीपमधून एकट्यालाच उतरताना बघून मुकादम हसला. "बघ, म्हटलं होतं ना? आली का तुझी गाडी?"

मी सोमाजवळ गेलो. म्हटलं, "सोमा, गाडी आज येणार नाही. गाडी बिघडली नाही, मी बिघडवली. ब्रेकच्या रबराला चुकीचं तेल घातलं. सिस्टर आज गाडी काढायला तयार नाहीत, तुमच्या जिवाला धोका नको म्हणून. उद्या नक्की येतील."

सोमानं विचारलं, "कंचा तेल?"

"मोहट्याचं."

सोमानं पाय उचलून आपली टायरची चप्पल दाखवली. "गुरुजी, रबराला कोन मोहट्या लावतं का? चपलेवर सांडला तरी फुगते ती. आमचे पाड्यावर बारक्या पोरालापन ठावं हाय." मंजी पदरात तोंड घालून हसली. सतरा वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवत होतो.

मुकादमानं ट्रकवर हात आपटला. "चल, बस. उद्याचं कोणी बघितलंय?"

सोमा ट्रकवर चढला. मला वाटलं, संपलं सगळं. त्यानं वाकून आपलं गाठोडं ओढलं, खाली टाकलं आणि मागोमाग स्वतः उडी मारली. मुकादमाला म्हणाला, "गाडी बिघडली, असा समदे सांगतात. मी चुकलू, असा तू मना कदी बोलला नाय. हा मास्तर बोलला. मी उद्या परत बघतू." ट्रक धूळ उडवत गेला. मला रडू आलं, ते मी धुळीच्या नावावर खपवलं.

डॉक्टरांनी बुधवारी यायला सांगितलं होतं, आणि सील संध्याकाळच्या एसटीनं आलं. सिस्टरांनी कॅलिपर आतून दोनदा पुसला, नळीतलं सगळं ब्रेक ऑइल बदललं आणि पिस्टन माझ्या हातात दिला. "घाला." त्या शेजारी बसून राहिल्या, बोट लावलं नाही. पिस्टन तिरका झाला की नुसतं म्हणत, "काढा. सरळ धरा. पुन्हा." कितीदा काढला आणि धरला कोण जाणे. शेवटी ब्रेक ऑइलनं ओल्या झालेल्या सीलमधून तो सरळ आत उतरला तेव्हा माझे दोन्ही अंगठे लाल झाले होते. "मोजलं का?" सिस्टरांनी विचारलं. मी दोन बोल्ट, दोन पॅड, एक स्प्रिंग मोजून दाखवली.

बुधवारी मी रजा काढून मागच्या सीटवर बसलो. घाट उतरताना सिस्टर ब्रेक दाबत आणि माझा पाय माझ्याही नकळत समोरच्या सीटखाली दाबला जाई. गाडी सरळ रेषेत, शहाण्यासारखी थांबत होती. त्यानंतर रंजीचा एकही आठवडा चुकला नाही. प्लास्टर संपलं, मग रात्री घालायचे दोन्ही पायांचे बूट आले, मधे पट्टी लावलेले. सोमानं ते बूट तीन-चार वर्षं रोज रात्री नेमानं रंजीच्या पायांत चढवले. भट्टीवर गेला तेव्हाही गाठोड्यात आधी ते बूट बांधले.

सिस्टर रिटायर होऊन दाभोशाला गेल्या. पुढे तब्येतीनं त्या खचल्या, गाडी चालवणं बंद झालं, पण मला बघितलं की हात धुवायला बंबाकडे बोट दाखवायच्या. त्यांच्या शेवटच्या आजारात सोमा आणि मंजी त्यांना भेटायला आले, तेव्हा मीही होतो. रंजी आता सहा-सात वर्षांची. आल्या आल्या ती अंगणातल्या कोंबडीच्या मागे लागली, खळ्याला दोन फेऱ्या मारून, धापा टाकत खाटेजवळ येऊन उभी राहिली.

सिस्टरांनी तिला विचारलं, "कुठला गं पाय तुझा, वाकडा होता तो?"

रंजीनं खाली बघितलं. दोन्ही पावलं धुळीनं सारखीच माखलेली. तिनं बराच विचार केला आणि डावा पाय पुढे केला.

मी मास्तर माणूस, चुकीचं उत्तर ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. सिस्टरांनी माझा हात दाबला. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "जा, खेळ."